उजव्या कोर्टातले सोमकुवर सर

जबलपूरला तिसऱ्या सेटमध्ये आमच्या मुली पाच-दोननं पुढे होत्या, आणि सोमकुवर सर खुर्चीवरून उठून सरळ कोर्टात गेले. मला वाटलं, कुणाला तरी लागलं. मी पाण्याची बाटली घेऊन उभी राहिले. सर पंचांच्या उंच खुर्चीपाशी गेले, हात वर केला, पंचांनी वाकून तो हातात घेतला, आणि सर म्हणाले, "साहब, हमारी टीम मैच छोड़ रही है."

पंचांना आपण नीट ऐकलं नाही असं वाटलं असावं. त्यांनी पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा तेच सांगितलं. मग ते नेटपाशी गेले, पलीकडच्या दोन्ही मुलींशी हात मिळवले आणि आमच्या मुलींना म्हणाले, "चला. रॅकेट उचला."

विभागीय शालेय स्पर्धेतली मुलींच्या दुहेरीची अंतिम मॅच होती ती. सौंसरसारख्या गावातली शाळा तिथपर्यंत पोचली, हेच लोकांना खरं वाटत नव्हतं. मुलींबरोबर एक शिक्षिका हवी म्हणून मला पाठवलं होतं. मला टेनिसमधलं फारसं कळत नव्हतं. पण पाच-दोन म्हणजे काय ते कळत होतं. शाळेत जाऊन सांगायचं काय?

सर का उठले, ते मात्र मी ऐकलं होतं. सुनंदाच्या दोन सर्व्हिस लागोपाठ नेटमध्ये गेल्या तेव्हा मीना वळून तिला म्हणाली होती, "तुझ्याच्यानं होत नसन तं कायले आली? जाची होती मायसंगं निंदायले." हळूच म्हणाली होती, पण म्हणाली होती. सुनंदाची आई बोरगावला रोजानं शेतात निंदणीला जायची. सुनंदानं मान खाली घातली, आणि त्याच क्षणी सर उठले होते.

परतीच्या गाडीत, छिंदवाड्याला सरांनी शेंगदाणे घेतले. पुडी एकच. ती दोघींच्या मधे ठेवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. सौंसर येईपर्यंत पुडी तशीच होती.

मी घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "डोकं फिरलं का त्या माणसाचं?" मी म्हटलं, "असंच असावं."

सोमकुवर सर आमच्या शाळेत आले ते ऐंशीनंतर दोन-एक वर्षांनी. तहसील कचेरीच्या मागे इंग्रज साहेबांच्या काळातलं एक टेनिस कोर्ट होतं. बोरी माजलेल्या, जाळी गंजलेली. नवीन आलेल्या तहसीलदारांना खेळायची हौस होती, त्यांनी ते साफ करवून घेतलं, आणि पांढुर्ण्याचा कुणी सोमकुवर म्हणून माणूस एके काळी मोठमोठ्या स्पर्धा खेळलेला आहे, असं त्यांना कळलं. संध्याकाळी त्यानं साहेबांशी खेळावं आणि सकाळी आमच्या शाळेच्या मुलींना शिकवावं, असं ठरलं. शाळेनं त्यांना तात्पुरते क्रीडा शिक्षक म्हणून घेतलं.

चाळिशी ओलांडलेला, काळासावळा, काटक माणूस. पांढरी पँट, गुडघ्यावर बारीक टाक्यांनी केलेला रफू, पण इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, रोज खडूनं घासलेले. लग्न केलेलं नव्हतं. तहसीलजवळच एका खोलीत राहायचे आणि रविवारी आईला भेटायला पांढुर्ण्याला जायचे.

स्टाफरूममध्ये त्यांच्याबद्दल पहिल्या आठवड्यातच मत ठरलं: घमेंडी. मी स्वतः त्यांना दोनदा नमस्कार केला आणि दोन्हीदा ते तसेच पुढे निघून गेले. तिसऱ्या वेळी समोरून येत होते तेव्हा मात्र त्यांनीच आधी हात जोडले, "नमस्कार बाई," म्हणून. मला राग आला. मनात आलं की बघायचं, नाही तर नाही, असा हा माणूस. बाकावर बसायचे ते कायम भिंतीकडच्या टोकाला, डावा खांदा भिंतीला टेकवून. तिथं कुणी बसलेलं असेल तर उभे राहायचे. चहा ओतताना बोटाचं टोक कपात घालायचे, चहा बोटाला लागला की थांबायचे. शिवणाच्या बाई म्हणायच्या, "नागपूरच्या क्लबात राहिलेला माणूस अन् रीत पाहा!" आणि आम्ही हसायचो.

कोर्टावर मात्र त्यांना हसायची कुणाची हिंमत नव्हती. मुरमाचं कोर्ट, दर आठवड्याला शेणानं सारवावं लागायचं. सारवायला बोरगावहून दोन बाया यायच्या. त्यातल्या एकीची मुलगी म्हणजे सुनंदा. आमच्याच शाळेत सातवीत होती. ती बोरीच्या झाडावर खडे मारून बोरं पाडत होती, ते सरांनी पाहिलं. एकही खडा फुकट जात नव्हता म्हणे. सर तिच्या आईला म्हणाले, "ही पोट्टी उद्यापासून माझ्याकडे."

मीना कापड दुकानवाल्या शेठजींची मुलगी. शेठजी शाळेच्या समितीवर होते. तहसीलदार साहेबांच्या मुली खेळतात तर आपलीही खेळावी, म्हणून त्यांनी तिला पाठवलं. सरांनी दोघींना एका जोडीत टाकलं आणि तीन महिने हातात रॅकेट दिली नाही.

तीन महिने काय केलं? पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली दोघींनी एकेका हातानं धरायची आणि कोर्टाला फेऱ्या मारायच्या. आधी चालत, मग धावत. पाणी सांडलं की दोघींनी विहिरीवर जाऊन परत भरून आणायची.

"सर, तिच्याकडून सांडलं," मीना म्हणायची.

"बादली कितीक आहे?"

"एक."

"मंग?"

हे "मंग?" त्यांचं ठेवणीतलं होतं. त्याच्या पुढे कुणाला काही बोलता यायचं नाही. आणि दुसरं म्हणजे, "बॉल पाहू नका, ऐका." मुलींना बांगड्या काढून यायला सांगायचे, कोर्टाजवळ कुणी बोललं तर चिडायचे. टप्प्याच्या आवाजावरून चेंडू कुठं उडणार ते कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तहसीलदार साहेब हसून म्हणायचे, "सोमकुवरजी कानानं खेळतात."

स्वतःबद्दल ते फार बोलत नसत. मला जे ठाऊक झालं ते तुकड्या-तुकड्यांनी. वडील पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. हे चौदाव्या वर्षी नागपूरला मावशीकडे गेले आणि एका क्लबात चेंडू उचलायला लागले. तिथंच लतीफ नावाचा त्यांच्याच वयाचा मुलगा होता. दोघं खेळायला शिकले, मार्कर झाले. मार्कर म्हणजे क्लबातल्या साहेब लोकांशी खेळणारा नोकर. त्या काळी पगारी माणसाला साहेबांच्या स्पर्धांत उतरता येत नसे. पुढे नियम बदलले आणि हे दोघं जोडीनं निघाले. लखनौ, अलाहाबाद, मद्रास, कलकत्ता. एकदा सिलोनलाही जाऊन आले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात पाळीपाळीनं झोपायचं, स्टेशनावर आंघोळ करायची आणि पांढरे कपडे घालून राजवाड्यासारख्या क्लबात शिरायचं. अकरा वर्षं. सरांनी एकेरी कधी खेळली नाही.

"काहून सर?" मी एकदा विचारलं.

"मले एकट्याले जमत नव्हतं," एवढंच म्हणाले. त्या उत्तरात नम्रता आहे, असं मला वाटलं.

लतीफ आता कुठं आहेत, हे विचारलं तेव्हा मात्र ते उठून गेले.

कलकत्त्याची गोष्ट मला तहसीलदार साहेबांकडून कळली. एका मोठ्या स्पर्धेत ही जोडी अंतिम मॅचमध्ये होती. लतीफचा घोटा मुरगळला. त्यानंतर दोघांच्या मधोमध तीन चेंडू आले आणि तिन्ही वेळा सोमकुवर जागचे हलले नाहीत. हात लांबवला असता तर मिळाले असते असे चेंडू. मॅच गेली. लोक म्हणाले, विकली. क्लबानं दुसऱ्या महिन्यात सोमकुवरांना काढून टाकलं. लतीफ राहिला.

"तुम्हाला काय वाटतं साहेब? खरं असेल?" मी विचारलं.

साहेब म्हणाले, "माणूस तसा वाटत नाही. पण तीनदा उभा राहिला, हे तर शेकडो लोकांनी पाहिलं ना."

जबलपूरनंतर मला ते आठवलं, आणि माझ्या मनात फार वाईट विचार येऊन गेला. लिहायलाही लाज वाटते, पण आला होता: या माणसानं ही मॅचसुद्धा...

शेठजींनी तर शाळेत येऊन तमाशा केला. मीना त्यांच्यामागे उभी होती. सर्वांच्या देखत ती म्हणाली, "बाबा, मॅच मी हरले. सरांनी नाही हरवली." शेठजींनी तिला घरी पाठवून दिलं. प्राचार्यांनी, पुढे पाहू, म्हणून वेळ मारून नेली.

जबलपूरची बातमी नागपूरच्या एका वर्तमानपत्रात चार ओळींत आली होती. शाळेचं नाव, आणि एक मुलगी जोडीदाराला लागट बोलली म्हणून प्रशिक्षकानं जिंकत आलेली मॅच सोडली, एवढंच. प्रशिक्षकाचं नाव नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी, सकाळी, मी मुलींच्या वह्या घेऊन कोर्टापाशी कडुलिंबाखाली बसले होते. सराव संपला होता. मुली विहिरीवर हातपाय धुवायला गेल्या होत्या. सर चेंडूंची टोपली घेऊन नेटपाशी उभे होते. तेवढ्यात एक उंच, वाळका माणूस फाटकातून आत आला. मेंदी लावलेली दाढी, पांढरा पायजमा, डाव्या पायानं किंचित लंगडत. तो सरांच्या डाव्या अंगाला, चार हातांवर येऊन उभा राहिला.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते चेंडू मोजत होते. तो माणूस मिनिटभर तसाच उभा. मला वाटलं, सरांची घमेंड पुन्हा. अनोळखी माणूस इतक्या जवळ उभा आहे आणि यांना नजर उचलायची नाही! मी हाक मारणार, तेवढ्यात तो माणूस सरांच्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आला आणि म्हणाला, "बाएँ से आया तो तेरे को दिखूँगा कैसे?"

टोपली सरांच्या हातातून सुटली. चेंडू कोर्टभर घरंगळले.

"लतीफ," सर म्हणाले. "काय म्हणाला तू?"

"जे ऐकलं ते." तो आता मराठीत बोलत होता. "तुझा डावा डोळा. त्यानं दिसत नाही तुले."

मी वह्या बाजूला ठेवल्या. उठून जावं की बसून राहावं, ते कळेना. त्या एका क्षणात मला भिंतीकडचा बाक दिसला, कपातलं बोट दिसलं, माझे दोन वाया गेलेले नमस्कार दिसले. मी दोन्ही वेळा त्यांच्या डावीकडून गेले होते. तीन वर्षं हा माणूस आमच्यात वावरत होता आणि आम्हाला, डोळे असलेल्यांना, काही दिसलं नव्हतं.

पण मला सरांचा चेहरा पाहवत नव्हता. ते नेटच्या खांबाला धरून उभे होते.

"तुले मालूम होतं?"

"पहिल्या वर्षापासून. लखनौला. तुझ्या डाव्या हाताशी मी पाण्याचा गिलास ठेवला, तू पाडला. दुसऱ्या दिवशी ठेवला, पाडला. तिसऱ्या दिवशीही पाडला. मंग मी ठेवणं बंद केलं."

"अन् खेळताना?"

"तुले उजव्या कोर्टात कोण उभं केलं? मधला बॉल माझा, असं कोण म्हणे? मी सर्व्हिस केली का आडवा पळून तुझ्या डावीकडे कोण जाये? लोकाईले वाटे, लतीफची फॅशन हाय." लतीफ हसले, पण ते हसू टिकलं नाही. "अकरा वर्षं मी तुझी डावी बाजू पळलो, यार. कलकत्त्यात माझा पाय गेला, अन् ते तीन बॉल तुले दिसलेच नाही."

सर खाली बसले. त्या इस्त्रीच्या पँटनिशी, सारवलेल्या जमिनीवर. "मंग कलकत्त्यात काहून नाही बोलला? सारे मले चोर म्हणत होते. तू बाजूले उभा होता. मले वाटलं, तूही..."

"मी बोललो असतो तं दुसऱ्या दिवशी साऱ्या हिंदुस्थानाले कळलं असतं का सोमकुवर एका डोळ्याचा हाय. कोणता क्लब ठेवणार होता तुले? मले वाटलं, हा मले तरी सांगन. मले एकट्याले. रातभर त्या खोलीत मी पाय शेकत बसलो, तू समोर होता. एक शब्द सांगतला असता तं मी जगासंग भांडलो असतो. तू नाही सांगतलं." लतीफांचा आवाज चढला. "अकरा वर्षं! अन् तुले माझा भरवसा नव्हता!"

"मले वाटलं, तू सोडून जाशीन. आंधळ्यासंग कोण खेळते?"

"मी खेळून राहिलो होतो ना बे!"

विहिरीवरून मुली परत आल्या आणि लांबच थांबल्या. मग लतीफ वाकून चेंडू वेचायला लागले. सर गुडघ्यावर सरकत सरकत दुसऱ्या बाजूचे वेचायला लागले. मी आयुष्यात पुष्कळ भेटी पाहिल्या. गळ्यात पडून रडणारी माणसं पाहिली. पण तशी भेट पाहिली नाही. दोघंही एकमेकांकडे न बघता एकाच टोपलीत चेंडू टाकत होते.

जाताना लतीफ म्हणाले, "पेपरात नाव नव्हतं, तरी ओळखलं मी. जोडीदारासाठी मॅच सोडणारा तूच. आता मी गप्प नाही बसणार. नागपुरात ज्यानं ज्यानं तुले चोर म्हटलं त्याच्या घरी जाऊन सांगीन."

सरांनी हात जोडले. "नको लतीफ. तुले पाया पडतो. इथं या पोट्ट्या आहेत. इथं कळलं तं हे कोर्ट जाईन माझं." मग माझ्याकडे वळले. पूर्ण मान वळवून, मला उजव्या डोळ्यात घेऊन. "बाई, तुमीही."

मी म्हटलं, "सर, माझ्या तोंडून हे बाहेर जाणार नाही."

लतीफ गेल्यावर मी विचारलं, डोळा कसा गेला. सर म्हणाले, "गोटमारीत." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, ती जत्रा. "तेरा वर्षांचा होतो. आमी पांढुर्ण्याच्या काठावर, समोर सावरगावची बाजू. तिकडे माझा सख्खा मामा दगडं मारून राहिला होता. कोणाचा लागला, कोणाले मालूम? दगडावर नाव राहते का? डोळा शाबूत राहिला, दिसणं गेलं. मायले म्हटलं, बरा झाला." थोड्या वेळानं म्हणाले, "तिले अजूनही तसंच वाटते."

सरांना दिलेला शब्द मी चार दिवस पाळला.

पाचव्या दिवशी स्टाफरूममध्ये शिवणाच्या बाई पुन्हा तेच बोलल्या. घमेंडी, अडाणी, चहात बोटं घालणारा, मॅच विकणारा. मला सहन झालं नाही. मला वाटलं, खरं काय ते कळलं तर या बाईला लाज वाटेल. दार लावून घेतलं, शपथ घातली आणि सांगून टाकलं. सांगताना माझे डोळे भरून आले होते; त्यांचेही आले. "बाप्पा! केवढं दुःख!" म्हणाल्या. मी मनातून हलकी झाले. सरांवरचा आळ आपण धुतला, असं मला वाटत होतं. आज त्या भाबडेपणाची चीड येते.

शेठजींना आठवड्याच्या आत कळलं. समितीची बैठक बसली. नेमणुकीच्या वेळी शारीरिक दोष लपवला; एका डोळ्याचा माणूस खेळ काय शिकवणार; उद्या एखाद्या मुलीला चेंडू लागला तर जबाबदार कोण? सरांना बोलावून विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. "हो, नाही दिसत," म्हणाले. तात्पुरती नेमणूक होती, ती संपवायला एक कागद पुरला. तहसीलदार साहेबांची तेव्हा बदली झालेली होती. नवीन साहेबांना टेनिसशी घेणं नव्हतं. मीना आणि सुनंदा दोघी प्राचार्यांच्या दारात पूर्ण मधली सुट्टी उभ्या राहिल्या. घंटा झाल्यावर त्यांना वर्गात पाठवलं.

मी त्या कागदाकडे बघत होते. सर आपलं सामान घ्यायला स्टाफरूममध्ये आले. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघतील. बघितलं. आणि म्हणाले, "बाई, तुमी शब्द पाळला. लतीफच्यानं नाही राहवलं. बोलूनच गेल्ता तो."

मी टेबलावरच्या वह्या सरळ करत राहिले. शिवणाच्या बाई समोर बसून काजं करत होत्या. त्यांनी सुई थांबवली नाही.

सरांना माझा संशयसुद्धा आला नव्हता. तो येता तर बरं झालं असतं.

पुढचा दीड महिना मी रोज ठरवायचे, आज जाऊन सांगायचं. सर अजून गावातच होते, खोली सोडली नव्हती, कुठं काम मिळतं का बघत होते. नागपूरहून लतीफांची पत्रं शाळेच्या पत्त्यावर यायची. शिपाई ती खोलीवर नेऊन द्यायचा आणि तशीच परत आणायचा. पाकीट न फोडलेलं, वर सरांच्या ठसठशीत अक्षरात 'परत'. एक, दोन, तीन. ती पाकिटं टपालाच्या टेबलावर पडलेली मी बघायचे आणि वर्गावर जायचे. पोरींना शुद्धलेखन शिकवायचे. माणूस इतका भित्रा असू शकतो, हे मला माझ्यावरूनच कळलं.

एका शनिवारी सुनंदा सांगत आली, "बाई, सर जाऊन राहिले. आमल्याले. तिथल्या क्लबात मार्कर म्हणून लागले. आज दुपारच्या गाडीनं, पांढुर्ण्याहून."

मार्कर. चौदाव्या वर्षी जिथून सुरुवात केली, तिथं पुन्हा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पांढुर्ण्याची बस धरली. बस बोरगावला थांबली, मग मोटारीत पाणी टाकायला थांबली, आणि मी सीटच्या दांडीला धरून बसले होते.

स्टेशनावर पोचले तेव्हा आमल्याकडची पॅसेंजर लागलेली होती. सर डब्याच्या दारापाशी उभे होते. वळकटी आत टाकलेली, पत्र्याची पेटी अजून खाली. मला बघून चकित झाले. "बाई, तुमी? एवढ्या उन्हात?"

मी समोर, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. एका दमात बोलले. "सर, लतीफभाईंनी नाही सांगितलं. मी सांगितलं. शिवणाच्या बाईंना. चार दिवसांनी."

त्यांना आधी अर्थच लागला नाही. मग लागला. माणसाचा चेहरा असा पडताना मी त्याआधी एकदाच पाहिला होता, त्यांचाच, कोर्टावर. आताचा त्याहून वाईट होता, कारण आता मी समोर होते. ते पेटीवर बसले.

"लतीफ नाही?"

"नाही सर."

"त्यानं कोणालेच नाही सांगतलं?"

"कुणालाच नाही. मी... सर, मला क्षमा..."

ते ऐकत नव्हते. "मी त्याचे पत्रं वापस केले," ते म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशीही नाही. जसं काही कुणी तरी तिसऱ्यानं केलेली गोष्ट सांगावी. "तीन पत्रं. पुन्हा तेच केलं मी. पुन्हा त्याले काही न विचारता..."

गार्डानं शिट्टी दिली. गाडी हलली. "सर, गाडी!" मी ओरडले. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. त्यांची वळकटी घेऊन गाडी आमल्याकडे निघून गेली.

फलाट रिकामा झाल्यावर ते उठले. फलाटावरच्या हमालाला विचारलं, "नागपूरची कधी आहे?"

"येऊनच राहिली. पलीकडच्या फलाटावर."

त्यांनी पेटी डोक्यावर घेतली. मी हात पुढे केला, त्यांनी तो पाहिला आणि मान हलवली. रागानं की कशानं, सांगता येत नाही. पुलाच्या पायऱ्या चढायला लागले. मी दोन पायऱ्या मागे गेले आणि थांबले. मला पुढे जायचा अधिकार राहिला नव्हता.

पलीकडच्या फलाटावर त्यांनी पेटी ठेवली, तिच्यावर बसले आणि सदऱ्याच्या खिशातून एक पाकीट काढलं. त्या दिवशी सकाळीच आलेलं असावं. परत करायचं राहून गेलेलं. ते त्यांनी दातानं फोडलं. कागद उलगडून उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला. दोन रुळांच्या पलीकडून मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. एकदा वाचून झालं तेव्हा त्यांनी कागद उलटा केला, मागे काही आहे का पाहिलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

तेवढ्यात नागपूरची गाडी आमच्या मधे आली.